पेटी तुझी, आजार सगळ्यांचा

पोरी, आपल्या मधपाळांच्या मंडळाची वही आता तुझ्याकडे आली आहे, तर आधी हे ऐकून घे. आजवर आपण त्या वहीत मधाचे किलो लिहीत आलो. कुणाच्या पेटीतून किती निघाला, जांभळाचा की हिरड्याचा, काय भावाने गेला. ते लिहायचंच, पण वहीची पहिली दोन-चार पानं मोकळी सोड. कुणाच्या पेटीत पिल्लं मेलेली दिसली, कुठल्या तारखेला, बघायला कोण गेलं होतं, एवढंच त्या पानांवर लिहायचं. मध कमी झाला तर एक हंगाम जातो. ही पानं दडवली तर पेट्याच जातात.

का, ते सांगतो. सातेरी माशी फार लांब चरायला जात नाही. बहुतेक वेळ किलोमीटर-दीड किलोमीटरच्या आतच फिरते. आपल्या वाडीतल्या पेट्या एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर आहेत. तुझी माशी आणि शेजारच्या काकांची माशी एकाच जांभळावर बसतात, एकाच झऱ्यावर पाणी पितात, आणि फुलं नसली की एकमेकींचं घरही लुटतात. बांध माणसाला दिसतो, माशीला नाही.

आता माणसाचं बघ. पेटीत आजार दिसला की तो पहिलं काम काय करतो? झाकण लावतो आणि गप्प बसतो. बोभाटा झाला तर आपला मध कोण घेणार, अनुदानाच्या पेट्यांच्या यादीत पुन्हा नाव कसं येणार, ही धास्ती. त्यात वाईट माणूस कुणी नसतं. म्हणून मंडळाने एक रीत घालून घ्यावी असं माझं मत आहे, आणि तू ती पहिल्याच बैठकीत मांड. जो आपणहून सांगेल त्याच्याकडे चार दिवसांच्या आत दोन जाणती माणसं जातील. जाळाव्या-पुराव्या लागलेल्या पोळ्यांच्या जागी चौकटी आणि मेणपत्रे मंडळाच्या साठ्यातून मिळतील. आणि पुढच्या हंगामात चांगल्या वसाहतीतलं एक राणीघर त्याला पहिलं द्यायचं, बाकीच्यांना नंतर. लपवून ठेवलं आणि शेजाऱ्यांच्या पेट्या बसल्या, तर त्याचा नंबर शेवटी. याहून मोठा दंड नको. दंड वाढवलास तर माणसं आणखी गप्प होतील.

हे मी उगाच भिववत नाही. थाई सॅकब्रूड नावाचा विषाणू आहे. १९७६ मध्ये तो थायलंडात सापडला म्हणून ते नाव. १९९१-९२ च्या सुमारास तो दक्षिणेत पसरला तेव्हा केरळ, तामिळनाडू, कर्नाटकातल्या सातेरीच्या दर दहा वसाहतींतल्या नऊहून जास्त गेल्या. कन्याकुमारीकडचं मार्तंडम, कर्नाटकातलं कोडगू ही मधासाठी नावाजलेली ठिकाणं. तिथे घरोघर रिकाम्या पेट्या उरल्या. पुढे बऱ्याच जणांनी सातेरी सोडून मेलिफेरा ही परदेशी माशी धरली. आपल्या डोंगरात मेलिफेरा पावसाळ्याला टिकणं अवघड, म्हणजे आपल्याला तो दुसरा रस्ताही नाही.

म्हणून हा आजार ओळखायला शीक, आणि मंडळातल्या प्रत्येकाला चौकट हातात देऊन दाखव. तोंडी सांगून कळत नाही.

पेटी उघडण्याआधी थोडा वेळ बाजूला उभी राहा. दारासमोर नव्हे, बाजूला. परागाचे गोळे पायाला लावून माशा आत जाताहेत का बघ. पराग येतोय म्हणजे आत पिल्लांना खायला घालणं चालू आहे. पंखा घालणाऱ्या माशा दिसल्या तर त्यांचं तोंड कुठे आहे तेही बघ. सातेरी बाहेर तोंड करून हवा आत ढकलते, मेलिफेरा उलटी उभी राहून आतली हवा बाहेर काढते. याचा आजाराशी संबंध नाही, पण हे बघायची सवय लागली की डोळा तयार होतो, आणि पुढे दारात काही बिघडलं तर ते न उघडताच कळतं. दाराखाली मेलेली पांढरी पिल्लं टाकलेली दिसली की मात्र उघडायलाच हवं.

उघडताना ऊन कोवळं असावं, वारा नसावा. स्मोकरचा धूर अगदी थोडा दे. सातेरीला जास्त धूर दिला की ती चौकटीवरून पळत सुटते आणि मग राणीही दिसत नाही, पिलावाही दिसत नाही. ऊन खांद्यावरून घराच्या तळापर्यंत पडेल अशी चौकट धर. चांगल्या पिलाव्याचा, म्हणजे पिल्लांच्या घरांचा, पत्रा सलग असतो. झाकलेली घरं एकमेकांना लागून, झाकणं किंचित फुगीर, तांबूस. मध्येमध्ये रिकामी घरं पडली आहेत, काही झाकणं खचली आहेत, काहींना भोक पडलं आहे, असं दिसलं की थांब. चिमटा घे आणि भोक पडलेल्या घरातलं पिल्लू उचल. निरोगी पिल्लू मोत्यासारखं पांढरं असतं. या आजाराचं पिल्लू घरात पाठीवर लांबलचक पडलेलं असतं, डोकं वर उचललेलं, डोक्याकडून आधी काळवंडायला लागलेलं. चिमट्याने ओढलं की कातडी फाटत नाही. आत पाणी भरलेली बारीक पिशवी लोंबते. वास जवळजवळ नसतो. वाळून गेलं असेल तर काळपट खपली होते, दोन्ही टोकं वर वळलेली, आणि ती घरातून अलगद निघते.

यात नवी माणसं एका जागी हमखास फसतात. नराची घरं पत्र्याच्या कडेला, खालच्या बाजूला असतात, आणि सातेरीच्या नराच्या घराच्या झाकणाला मधोमध सुईच्या टोकाएवढं छिद्र असतंच. ते निसर्गाने ठेवलेलं. ते बघून घाबरून चांगला पत्रा कापून टाकणारे लोक आहेत. झाकण उंच, टोकदार, भोक बरोबर मध्यावर आणि कडा गुळगुळीत असेल तर तो नर. झाकण खचलेलं, भोक वेडंवाकडं, कुरतडल्यासारखं असेल तर माशांनी मेलेलं पिल्लू काढायला ते उकरलं आहे.

दुसरा आजार युरोपियन फाउलब्रूड. त्यात पिल्लू झाकण बसण्याआधीच, घरात गुंडाळलेलं असतानाच मरतं, पिवळट पडतं आणि पत्र्याला आंबूस वास सुटतो. तो जंतूंचा आजार, सॅकब्रूड विषाणूचा. खात्री नसेल तर अंदाजाने काही करू नकोस. पत्र्याचा तुकडा कापून महाबळेश्वरच्या मध संचालनालयात दाखव, नाहीतर पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत विचार. ती संस्था १९६२ पासून हेच काम करते आहे.

औषधाचं विचारशील. सॅकब्रूडला औषध नाही. कुणीतरी माणसांच्या दवाखान्यातल्या कॅप्सूल पाकात फोडून घालायला सांगेल. विषाणूवर त्या चालत नाहीत, मधात मात्र उतरतात, आणि मध तपासणीत पडला की साऱ्या मंडळाचा माल परत येतो. असला सल्ला देणाऱ्याला चहा पाज आणि वाटेला लाव.

मग करायचं काय? जास्त आजारी पत्रे काढून खोल खड्ड्यात पुरायचे किंवा जाळायचे, उघड्यावर टाकायचे नाहीत. माशा ते चाटायला येतात. वसाहत बऱ्यापैकी जोरात असेल तर राणीला पिंजऱ्यात घालून तीन आठवडे अंडी बंद ठेवायची. सातेरीच्या कामकरी माशीला अंड्यापासून बाहेर यायला साधारण वीस दिवस लागतात, म्हणजे तेवढ्यात जुना पिलावा संपतो, माशा घरं साफ करतात आणि आजाराला नवं पिल्लू मिळत नाही. वसाहत मुळातच दोन-तीन चौकटींची असेल तर हे करू नकोस, ती तशीच संपेल. तिची राणी काढून चांगल्या जातीचं राणीघर दे.

आणि जात हीच खरी गोष्ट आहे. दक्षिणेत ज्या वसाहती त्या साथीतून वाचल्या, त्यांच्याच राण्यांपासून लोकांनी पुन्हा पेट्या भरल्या. आपणही तेच करायचं. शेजारच्या पेट्या बसल्या आणि एक ताठ उभी राहिली, तर त्या पेटीचा मध थोडा कमी असला तरी विभाजन तिचंच करायचं. आपले लोक उलटं करतात. जास्त मध देणारी पेटी फोडतात, आणि आजार झेलून उभी राहिलेली कोपऱ्यात पडून असते. वहीची पहिली पानं मी मागितली ती यासाठीही. कुठल्या पेटीने काय सोसलं हे चार वर्षांनी तोंडी कुणाच्या लक्षात राहत नाही.

हात आणि हत्यारं यांचं सोवळं पाळ. एका पेटीतून दुसरीकडे जाताना चौकट सोडवायची पट्टी धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात घासून काढ, किंवा जाळावर धर. हात साबणाने धू. एकीच्या चौकटी दुसरीला द्यायची वाईट सवय आपल्याला आहे. दुबळीला जोर यावा म्हणून देतो आणि आजार पोचवतो. जिचा पिलावा तू स्वतः बघितला आहेस तिचीच चौकट दे. आणि बाहेरचा मध आपल्या माशांना कधी चारू नकोस, बाटलीतला कितीही चांगला दिसला तरी. त्यातून काय येईल सांगता येत नाही.

मेणकिड्याबद्दल सगळे फार बोलतात, मी थोडक्यात सांगतो. मेणकिडा आला म्हणून पेटी गेली असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नकोस. पेटी आधीच दुबळी झालेली असते, राणी नसते किंवा माशा कमी असतात, मग मेणकिडा येतो. सातेरी राळ गोळा करून फटी बुजवत नाही, जुनं मेण कुरतडून तळपाटावर टाकते, आणि त्या चुऱ्यातच अळी वाढते. दर आठ-दहा दिवसांनी तळपाट खरवडून काढ, चुरा जाळ. माशा झाकू शकत नाहीत एवढे पत्रे पेटीत ठेवू नकोस. काळे पडलेले जुने पत्रे वितळव. बस्स.

पावसाळ्यावर मात्र थांबून बोलायला हवं, कारण आपल्याकडे आजार पावसात शिरतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. दिवसचे दिवस माशी बाहेर पडत नाही. आतलं खाणं संपतं, राणी अंडी कमी करते, पोषण नसलेल्या पिल्लांवर विषाणू चढतो, नाहीतर सगळी वसाहतच एखाद्या उघडिपीच्या सकाळी घर सोडून निघून जाते. लोक म्हणतात, सातेरी चंचल. चंचल कसली, उपाशी! घर सोडायच्या आधी ती सांगत असते: अंडी बंद, पिलावा संपत आलेला, पराग येत नाही, कोपऱ्यातला मध चाटून पुसून खाल्लेला. हे दिसलं की दोन दिवसांत हालचाल कर.

पहिली गोष्ट, जांभळाचा शेवटचा मध काढताना हात आवर. सुपरमधला, म्हणजे वरच्या मधाच्या खणातला, घे, पण पिलाव्याच्या चौकटींवरची मधाची कड कापू नकोस. मेअखेरीला बाजारात भाव चांगला असतो, पर्यटक दारात येतात, आणि तेव्हाच माणूस ती कड कापतो. तो दोन-चारशे रुपयांचा मध ऑगस्टमध्ये वसाहतीच्या जिवावर येतो.

दुसरी, पाक. साखर आणि पाणी समसमान, पाणी उकळून, पाक पूर्ण गार करून. गूळ नको, गुळाने माशांना हगवण लागते. वाटीभरच, तोही संध्याकाळी, पेटीच्या आत. एक थेंब बाहेर सांडू देऊ नकोस. त्या वासावर लूट सुरू होते, आणि लुटीतून आजार जेवढा पसरतो तेवढा दुसऱ्या कशानेच नाही. पेट्यांना एक दिवसाआड असा पाक घालायचा झाला तर सगळ्यांना एकाच संध्याकाळी घाल. आणि सुपर चढवायच्या आधी पाक बंद, म्हणजे साखर मधात उतरत नाही.

तिसरी, स्टँडच्या पायांखालच्या पाण्याच्या वाट्या. पावसात वाट्या भरलेल्याच असतात म्हणून आपण निर्धास्त असतो, आणि त्याच वेळी गवत हातभर वाढून पेटीला टेकतं. मुंगळे त्या पात्यावरून वर जातात. खुरपं घेऊन पेटीभोवतीचं गवत दर आठवड्याला काप. पेटी पुढे किंचित झुकलेली असू दे, आत आलेलं पाणी दारातून निघून जातं. ज्यांची सोय आहे त्यांनी पेट्या घाटाखाली कमी पावसाच्या गावात पावण्यांकडे न्याव्यात, पण तिथल्या पेट्यांचा पिलावा बघितल्याशिवाय नाही.

आता फवारणी. हा विषय नाजूक आहे, कारण फवारणारे परके नाहीत. स्ट्रॉबेरीवाला तुझा मामा आहे, चुलता आहे, मंडळातला निम्मा माणूस स्वतः स्ट्रॉबेरी लावतो. त्याच्याशी भांडून जिंकता येणार नाही. त्याच्या वाकड्या फळांवरून बोलायला सुरुवात कर. स्ट्रॉबेरीच्या अंगावर ज्या बारीक बिया दिसतात त्या प्रत्येकीला पराग मिळावा लागतो. ज्या बाजूच्या बीला मिळाला नाही त्या बाजूचा गर फुगत नाही आणि फळ कोंबडीच्या चोचीगत वाकडं होतं. ते बाजारात पहिल्या प्रतीत जात नाही. त्याच्या टोपलीतलं असं एक फळ उचल, त्याला ती चपटी बाजू दाखव, मग पेट्यांचा विषय काढ.

मागणं दोनच ठेव. फुलांवर असताना फवारायचं नाही, आणि फवारायचंच असेल तर दिवेलागणीला, माशा घरी गेल्यावर. आदल्या दिवशी फोन करायचा. औषधाच्या बाटलीवर आतल्या घटकाचं नाव वाचायला शीक. इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झाम असली औषधं झाडाच्या रसात भिनतात आणि मग मकरंदात, परागात उतरतात. ती संध्याकाळी मारली म्हणून सकाळी संपत नाहीत. अशा वेळी पेट्या हलवणंच बरं. आदल्या रात्री दार बंद करून ओलं गोणपाट टाकता येतं, पण वर हवेची जाळी मोकळी हवी आणि दुपारच्या आत दार उघडायला हवं. नाहीतर विषाने न मेलेल्या माशा उकाड्याने मरतात.

विषाची खूण वेगळी. पिल्लं ठीक असतात, पण दारापुढे मोठ्या माशांचा खच. जिभा बाहेर आलेल्या, काही थरथरत गोल फिरताहेत. हे दिसलं तर त्याच दिवशी मूठभर माशा कागदी पाकिटात घालून तारीख लिही, फोटो काढ, आणि पहिल्या पानात नोंद कर. कुणाच्या शेताचं नाव मात्र वहीत लिहू नकोस, तोंडावर जाऊन बोल.

पिण्याचं पाणी पेटीजवळ ठेव. उथळ परातीत, खडे घालून. नाहीतर माशी फवारलेल्या वाफ्यातलं पाणी पिते. पर्यटकांच्या दिवसांत ज्यूसच्या आणि चहाच्या टपऱ्यांमागे कागदी कपांचे ढीग पडतात, त्यांच्या तळाच्या गोडाला माशा जातात आणि त्यातच बुडून मरतात. टपरीवाल्याला झाकणाचा डबा मंडळाने घेऊन दिला तरी तो खर्च वसूल आहे.

व्हरोआबद्दल पोरं मोबाईलवर बघून घाबरून येतात. हा मोहरीएवढा तांबूस कोळी १९०४ मध्ये जावा बेटावर पहिल्यांदा नोंदला गेला, तोही सातेरीच्याच जातीच्या माशीवर. त्याची आणि सातेरीची जुनी ओळख आहे. सातेरी एकमेकींच्या अंगावरून तो काढून टाकते, आणि तो बहुतेक नराच्याच घरात वाढतो. मेलिफेराला ही विद्या तेवढी नाही, म्हणून जगभर तिच्या पेट्या त्याच्याने बसतात. आपल्याला त्याच्यासाठी औषध घालायची गरज नाही. पण मेलिफेराच्या पेट्या ट्रकने खोऱ्यात उतरवू द्यायच्या का, यावर मंडळाने ग्रामसभेत बोलायला हवं. ती जोरदार माशी, टंचाईत सातेरीला लुटते. मी नको म्हणतो. बैठकीत कुणी हो म्हणाला तर त्याचंही ऐकून घे.

गांधीलमाश्यांचा त्रास पाऊस सरला की वाढतो. दार दोन माशा जातील एवढंच बारीक ठेव. जोरदार वसाहत एकट्या गांधीलमाशीला घेरून गोळा करते आणि अंगाच्या उबेनेच, पंचेचाळीस-शेहेचाळीस अंशांवर, तिला मारते. तो गोळा दिसला तर काडीने मोडू नकोस. वेड्या राघूला तर कुणी दगड मारू नये. राघू काही माशा खाणारच, पेट्या झाडाखाली ठेवल्या की पुरे.

वणव्याच्या दिवसांत कारवीच्या उतारांवर लक्ष ठेव. कारवी सात वर्षं हिरवी राहते, आठव्या वर्षी फुलते. सहाव्या-सातव्या वर्षी आग लागली तर तो सगळा बहर गेला. कुडासाठी कारवी तोडणाऱ्यांनाही तेवढं वर्ष थांबवता आलं तर बघ.

शेवटचं, पाहुण्यांचं. मे २०२२ मध्ये मांघर देशातलं पहिलं मधाचं गाव झालं, तेव्हापासून आपल्याकडेही लोक गाड्या थांबवून पेटी उघडून दाखवा म्हणतात. दाखव, त्याने मध खपतो. पण दाखवायची पेटी एकच ठेव, बाकीच्यांपासून लांब, वसाहत जोरातली, आणि तीही दिवसातून एकदाच उघड. आधी दोन प्रश्न विचार: कधी माशी चावून अंगभर गांधी उठल्या होत्या का, श्वास लागला होता का. हो म्हणाला तर त्याला दुरूनच दाखव. त्या पेटीची पट्टी, ब्रश, बुरखा वेगळ्या डब्यात ठेव आणि डब्यावर रंगाने खूण कर, म्हणजे घाईत ती पट्टी कुणी दुसऱ्या पेटीला लावणार नाही.